बिवळ्याचा पेला

मलाही साखर निघाली, तेव्हा भांडुपच्या घराच्या माळ्यावरून बाबांचा बिवळ्याच्या लाकडाचा पेला काढला. काल पाणी भरताना ओल्या लाकडाचा तोच वास आला.

साखरेवर औषध म्हणून बाबा त्यात रात्रभर पाणी ठेवायचे. सकाळी तांबूस, तुरट झालेलं ते पाणी उपाशीपोटी घ्यायचे. रंग येईनासा झाला की गावाहून नवा पेला आणायचा. साखरेनं त्यांची नजर गेली होती, म्हणून काचेच्या ग्लासात ओतून रंग मी बघायचे.

एका सकाळी मी कामावर निघाले होते, एक पाय चपलेत.

"पाण्याक रंग इलो काय गो?"

ग्लासातलं पाणी नळाच्या पाण्यासारखंच होतं. पण गणपतीपर्यंत गावी कुणी जाणार नव्हतं.

"इलो, बाबा."

त्यांनी समाधानानं ग्लास तोंडाला लावला. पुढे रोज हेच चाललं.

आज सकाळी मी ते पाणी प्यायले. रंग नव्हता आणि तुरटपणाही नव्हता. म्हणजे बाबांना पहिल्याच घोटाला कळलं असणार. तरी ते रोज मला हाक मारून विचारत राहिले.

ग्लास विसळून मी ओट्यावर ठेवला. रंग आला का म्हणून मी हाक मारावी, असं घरात कुणी नाही.