उन्हातला साचा

सुधाकर भावजी गेल्याचा फोन परभणीहून आला, तेव्हा त्यांचा साचा आमच्या जिंतूरच्या अंगणात उन्हाला ठेवलेला होता. कूलरचं सामान आणायला निघताना मला बजावून गेले होते, "वहिनी, दिवस मावळला की साचा आत घ्या. पण उघडू नका, मी आल्यावर बघू." बसमधून उतरले, छातीला हात लावून खाली बसले, ते बसलेच... दुपारी अंगण माणसांनी भरलं. मीही रडतच होते. पण ऊन उतरलं तशी उठले आणि शेजारच्या दोघांना म्हटलं, आधी हा साचा आत घ्या. काय म्हणाले असतील लोक! म्हणोत बापडे.

भावजी माझे धाकटे दीर. पोटासाठी फायबरचे कूलर करायचे, लग्न केलं नाही, आणि सगळा जीव रिमोटवर उडणाऱ्या विमानात. खेळण्यातलं नव्हे हो! एकेक पंख बाजेएवढा लांब. साच्याच्या दोन अर्धुकांत मेण चोळायचं, काचेचं कापड अंथरायचं, त्याला रेझिन पाजायचं, मग अर्धुकं एकमेकांवर मिटून नटबोल्ट आवळायचे. ते उष्णतेनं कडक व्हायला भट्टी कुठून आणणार? आमच्याकडचं ऊन हीच भट्टी. मेण कमी पडलं तर पंख साच्याला धरून बसतो आणि दोन्ही फोडावे लागतात. पहिल्या खेपेला तसंच झालं. तेव्हापासून मेणाच्या बाबतीत असे सोवळे झाले की विचारू नका. रिकामा साचासुद्धा मेण लावल्याशिवाय मिटायचे नाहीत. फडकं लागायचं माझ्या जुन्या सुती साडीचं. "असं मऊ फडकं दुकानात मिळत न्हाई, वहिनी." मी म्हणायची, "अहो, नेसायला तरी ठेवा एखादी!"

आमच्या ह्यांना हे मुळीच पटायचं नाही. "पन्नाशी आली, तरी पोरखेळ सुटंना," म्हणायचे. भावजींच्या कामाच्या शेडमध्ये कधी पाय ठेवला नाही. भावजी नुसते हसायचे. "दादा, दोनी पंख झाले की माळावर उडवतो. तुमी फकत वर बघा." एक पंख झाला होता. दुसरा त्या साच्यात होता.

तेरावं झालं, पाहुणे गेले, साचा मिटलेलाच. मी विषय काढला की हे उठून जायचे. एकदा चिडलेच मी, "अहो, निघाला न्हाई तर फोडू, पण बघा तरी!" तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "उघडला की त्याचं काम सरलं गं... मग काय उरलं?"

परवा सकाळी स्वतःच पाना घेऊन शेडमध्ये गेले. एकेक नट सोडला, फटीत लाकडाची पाचर घातली. टक् असा आवाज झाला आणि पंख अलगद सुटला, कुठं ओरखडासुद्धा नाही. "निघाला गं," म्हणाले. मसणवाटेवर कोरडे राहिलेले हे, पंख मांडीवर घेऊन हमसून हमसून रडले. मी त्यांना रडू दिलं.

दोन्ही पंख आता भिंतीला शेजारी शेजारी उभे आहेत. उडवणारं घरात कुणी नाही. संध्याकाळी चहाला हाक मारायला गेले, तर हे रिकाम्या साच्यापुढं बसलेले, माझ्या साडीच्या फडक्यानं मेण चोळायलेत.

"आता कशाला?" मी विचारलं.

"तसाच कसा मिटू?" वर न बघता म्हणाले. "त्याला चालायचं न्हाई."