कार्ड दहाच का सांगतंय?

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात विलासने मला जवळजवळ चोरच ठरवलं... २००२-०३ची गोष्ट असेल. बालाघाटला आम्ही दोघं भागीदारीत कॉम्प्युटर क्लास चालवायचो.

जुन्या दहा एमबीपीएसच्या कार्डांच्या जागी नागपूरहून दहापट वेगाची, शंभर एमबीपीएसची नवी नेटवर्क कार्डं मीच आणली होती. पण ती बसवूनही फाइल कॉपी व्हायला पहिल्याइतकाच वेळ लागायचा... विलास नुसता कार्डांचे खोके उलटेपालटे करून बघायचा. शेवटी म्हणालाच, "जुनेच कार्ड नव्या खोक्यात भरून त नाही आनले ना तू? सांगून दे मले."

डोकंच फिरलं माझं. शाळेपासूनची दोस्ती, आणि हा संशय! म्हटलं, थांब, कार्डालाच विचारू... लिनक्सवर सी भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. लिंक आत्ता किती स्पीडने चालू आहे, ते कार्ड स्वतःच सांगणार होतं.

विलाससमोर एंटर मारलं... उत्तर आलं, १०.

"आता काय म्हनतं?" एवढंच बोलून तो बाहेर गेला. भागीदारी मोडल्यातच जमा होती.

मग माझा संशय सुरू झाला. आधी नागपूरच्या दुकानदारावर, मग माझ्याच प्रोग्रामवर... एकेका मशीनवर चालवून पाहिला, सगळीकडे दहाच. एवढी सगळी कार्डं खोटी कशी असतील?

शेवटी विलासला बोलावलं आणि दोन कॉम्प्युटर क्रॉस केबलने सरळ एकमेकांना जोडले. प्रोग्राम चालवला... शंभर!

म्हणजे चोर मध्येच बसला होता. सगळ्या वायरी जिथे येतात तो हब, विलासच्या सासऱ्यांनी तिरोडीहून पाठवलेला... दसऱ्याला आम्ही त्यालाच हळदकुंकू लावून हार घातला होता. पूजेतल्या वस्तूवर संशय कोण घेणार? विलासने हार काढला, वाळलेलं कुंकू अंगठ्याने पुसलं. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, दहा एमबीपीएस.

"माह्याच सासऱ्याचा डबा... अन् मी तुले बोलून राह्यलो." मला राग आठवेना, रडूच आलं.

कार्ड शंभरचंच होतं हो... समोरच्याला दहाच झेपत होते, म्हणून बिचारं दहावर बोलत होतं. तो सगळा आठवडा आम्ही दोघंही तसेच दहावर बोलत होतो.