काठोकाठ तांब्या

आमच्या वारज्याच्या सोसायटीतल्या त्या बाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. सत्तरी उलटलेली, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाआधीची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी होती आणि ती त्या चक्क भाजी आणायला काढत.

गेल्या दसऱ्याला त्यांनी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या. तेवढ्यात एक हॉटेलवाले गृहस्थ आले. गाडी त्यांना लॉबीत ठेवायला हवी होती.

"चालू तरी होते का ही?"

"अहो, चालूच आहे. हात लावून बघा."

गृहस्थांनी तापलेल्या बॉनेटला हात लावला आणि चटकन मागे घेतला. इंजिन चालू असूनही तांब्यातलं पाणी मात्र हलत नव्हतं.

"अशी वस्तू रस्त्यावर कशाला झिजवता? तुम्हीही आता आराम करा."

"शोभेला बसायचं असतं तर आधी मीच बसले असते. तुमची गाडी बाजूला घ्या, माझ्या वाटेत आहे."

तांब्या उतरवून, लिंबं चिरडत त्या निघून गेल्या.

माझ्या स्कूटरची किल्ली मुलाने "आई, आता पुरे" म्हणत कपाटात ठेवली होती. वर जाऊन मी ती काढली. येताना दोन लिंबंही आणली.