आडव्या बाटल्यांचं पत्रक

गावातलं दारूदुकान बंद करायचं की नाही, यावर आमच्याकडे बायकांनी मतदान केलं होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी. आई घरोघर फिरली, पत्रकं मी लिहिली. शाळेतल्या निबंधापेक्षा मला तेच जमायचं. आडवी बाटली जिंकली.

आता मी बहारीनमध्ये वाइन आयात करणाऱ्या कंपनीत आहे. स्टॉक, बिलं, किमती बघते. नोकरी लागली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पोटासाठी बिलं लिही. स्तुती लिहू नकोस." ते मी पाळलं.

रमजानात इथे दारू विकत नाहीत. कंपनीचं दुकान बंद होतं. आमचे मॅनेजर पुण्याचे. ते माझ्या टेबलापाशी आले.

"इटलीतला छोटा द्राक्षमळा आहे, बायोडायनॅमिक शेतीचा. जुनी, मुरलेली रेड वाइन. ईदनंतर विक्रीला काढायची. पत्रक लिहून दे."

"सर, मी दारूची स्तुती लिहीत नाही."

"अगं, ही वाइन आहे, देशी नव्हे. मला आंदोलन नकोय, चार ओळी हव्यात."

देशी पिणारा दारुडा आणि ही पिणारा रसिक? मला बसवेना. गोदामात येरझाऱ्या घालत मी आईला व्हिडिओ कॉल लावला. बूच सुकू नये म्हणून तिथे बाटल्या आडव्या ठेवतात.

"अगंबाई, सगळ्या आडव्या! म्हणजे तिथंही आपणच जिंकलो की."

मी तिला मळ्याचं सांगितलं. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरतात, मग ते पाण्यात ढवळून जमिनीवर शिंपडतात. कामं चंद्र बघून करतात.

"चंद्राचं राहू दे," आई म्हणाली. "शेणात वाईट काय? मातीचं लिही, राबणाऱ्यांचं लिही. दारूचं नको."

मला वाट सापडली. शिंग, माती, द्राक्षं खुडणारे हात, पिंपातल्या अंधारातली वर्षं, सगळं लिहिलं. चंद्राचं मला पटत नाही, हेही लिहिलं. चवीबद्दल एक शब्द नाही. मॅनेजरनी वाचलं आणि जसंच्या तसं छापलं.

ईदनंतर काउंटरवर एक गिऱ्हाईक म्हणालं, "वाइनमधलं मला कळत नाही. पण हे लिहिणारा खोटं बोलत नाही. दोन द्या." आठवड्यात माल संपला.

पत्रक आईला पाठवलं. तिचा लगेच फोन आला.

"चांगलं लिहिलंयस. किती खपल्या?"

"सगळ्या."

"सगळ्या?" तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "गावात लिहायचीस, तसंच लिहिलंस गं."

पुढचा माल आला. मॅनेजरनी एक बाटली माझ्या टेबलावर उभी करून ठेवली. जुन्या वाइनचा गाळ तळाशी बसावा म्हणून उघडण्याआधी ती दिवसभर उभी ठेवतात. संध्याकाळी चव घ्यायची होती.

"यल्ला, चल, पुढचं पत्रक. तसंच, खरं खरं."

"नाही सर."

"पुन्हा आंदोलन?"

"मागच्या वेळी स्तुती लिहिली नव्हती. तरी ती स्तुतीच झाली."

"व्हिसा कंपनीचा आहे, हे आठवतंय ना?"

"बिलं करतेच आहे की."

"संध्याकाळपर्यंत विचार कर," म्हणून ते गेले.

मी बिलं करायला बसले. पण नजर सारखी त्या बाटलीकडे जात होती. शेवटी उठले आणि ती आडवी केली. दिवसभर तळाशी बसलेला गाळ पुन्हा वर उठला.