पाळकीणबाईंची दिल्ली

पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की पाळकीणबाई त्यांच्या काळ्या कोटाचं टोक मागून हळूच ओढायच्या. एकदा ओढलं की साहेब समारोपाकडे वळायचे. दुसऱ्यांदा ओढलं की थेट "आमेन". तिसऱ्यांदा ओढायची वेळ जानेफळात तरी कधी आलेली मी पाहिली नाही.

आमची घरं शेजारी-शेजारी. मी शाळामास्तर, देवाच्या बाबतीत ठणठणीत कोरडा. ते टिनाचं छप्पर असलेल्या लहानशा चर्चचे पाळक. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण प्रार्थना सगळं गाव करून घ्यायचं. कुणाची गाय दूध चोरते, कुणाचं पोरगं दहावीला अडकलंय. साहेब कुणाला नाही म्हणायचे नाहीत आणि कुणाला थोडक्यात सोडायचेही नाहीत. एका गायीपासून सुरुवात करून ते पृथ्वीवरची समस्त जनावरं, त्यांचे मालक, चारा, पाऊस आणि शेवटी देशाचे राज्यकर्ते इथवर जायचे. तोवर गाय खाली बसलेली असायची. म्हणून लोक आधी कुंपणापाशी उभं राहून विचारून घ्यायचे, "बाई हायेत ना घरी? हायेत? मंग आणतो गाय."

रविवारी त्यांची उपासना चालू असताना मी ओट्यावर पेपर वाचत बसायचो. एकदा बाई मधूनच बाहेर आल्या. मला वाटलं, आता मला आत बोलावणार. तर म्हणाल्या, "मास्तर, पानं जरा हळू पलटवा. मागच्या बाकावरच्यायचं ध्यान तुमच्या पेपरात जाऊन राह्यलं." इतक्या वर्षांत त्यांनी मला केलेला एवढाच काय तो उपदेश.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नवऱ्याच्या नावामागे उभी राहून सगळं काम करणारी. बाई आजाऱ्यांकडे बसायच्या, बाळंतिणींना शेकायच्या, मेलेल्यांना न्हाऊ घालायच्या. मिशनकडे अहवाल मात्र साहेबांच्या नावाने जायचा. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही, असं मी लिहिणार होतो, पण ते खरं नाही. त्यांना गंमत वाटायची.

त्यांची एकुलती एक मुलगी शालू. दिल्लीत एका दवाखान्यात नर्स होती. साथीच्या वर्षात ती तिथेच गेली आणि तिथेच पुरली गेली. गाड्या बंद, रस्ते बंद. आईबापांना फोनवर एक फोटो आला, ताज्या मातीचा आणि लाकडी क्रुसाचा. त्या दिवसापासून साहेबांनी मुलीचं नाव घेणं सोडलं. प्रार्थनेत सगळ्या जगाची नावं यायची, तेवढं एक यायचं नाही. दिल्लीला जाऊन यावं असं बाईंनी काढलं की ते पुस्तकी भाषेत उत्तर द्यायचे, "ती प्रभूजवळ आहे. मातीला भेटून काय मिळणार?" घरात वऱ्हाडी बोलणारा हा माणूस पुस्तकी बोलायला लागला की समजायचं, आता दार लावून घेतलं.

बाई मला म्हणाल्या होत्या, "प्रभूजवळ हाये हे मले बी ठाऊक हाये, मास्तर. पण माय हावो मी. पोरगी कुठी निजली ते एकडाव पाहू नये का?"

साहेब निवृत्त झाल्यावर ते निमंत्रण आलं. ज्येष्ठ मिशनरी दांपत्यांचा सहभागिता मेळावा आणि सोबत दिल्लीदर्शन. हयातभर साखरखेर्ड्याच्या आणि उंद्रीच्या वाटेवर सायकल दामटलेल्या आमच्या साहेबांना त्या पत्रिकेत 'सुवार्तेचे महारथी' म्हटलं होतं.

"महारथी म्हंजे काय, मास्तर?"

"ज्याच्याकडे मोठा रथ असतो तो."

"मंग कळवा त्यायले, रथ पंक्चर हाये."

साहेबांचे गुडघे गेलेले, बाईंना साखरेचा त्रास. सोबत म्हणून मी निघालो. निघण्याआधी बाईंनी मला बाजूला घेतलं. "लाल किल्ला मले पाहाचा नाही. तुम्ही फकस्त ते कब्रस्तान कुठी हाये तेवढं हुडकून ठेवा. ह्यायले सांगू नका, मी सांगतो." मलकापूरहून भुसावळ आणि तिथून दिल्ली अशा त्या सगळ्या प्रवासात त्या खिडकीशी बसून होत्या. गप्प नव्हत्या. शेजारच्या सीटवरच्या बाईला चकलीची भाजणी सांगत होत्या.

मेळावा थाटाचा होता. नम्रता या विषयावर चार वक्ते बोलले आणि चौघांनीही अध्यक्षांच्या चिठ्ठीकडे दुर्लक्ष केलं. शाली दिल्या गेल्या. संयोजकांनी दांपत्यामागे एकच बिल्ला केला होता. सगळे बिल्ले अर्थातच नवऱ्यांच्या गळ्यात. साहेब हात धुवायला गेले होते तेव्हा जेवणाच्या दारावरच्या स्वयंसेवकाने बाईंना अडवलं. "बिल्ला?"

"तो हात धुऊन राह्यला," बाई म्हणाल्या. "मी त्याच्यातली अर्धी हाये. अर्धं ताट वाढ, बापू."

स्वयंसेवकाला कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या बायकांना कळलं, आणि पुढचे दोन दिवस त्या एकमेकींना 'अर्धी' म्हणूनच हाका मारत होत्या.

दर्शनाचा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने सगळ्यांची परतीची तिकिटं होती. त्या सकाळी चहा घेता घेता बाईंनी साहेबांना सांगितलं, "सांजच्याले मी शालूकडे जाणार हावो. यायचं तर या, नाही तर बसमंदी बसा." साहेबांनी कप खाली ठेवला. दिवसभर उत्तर दिलं नाही. घुमट, मनोरे, बागा झाल्या. सगळी दांपत्यं फोटो काढत होती. हे दोघे एकमेकांशेजारी उभे राहायचे आणि फोटो काढणारा म्हणायचा, "अंकल, थोडा मुस्कुराइए."

मी ड्रायव्हरशी बोलून ठेवलं होतं. शेवटच्या ठिकाणाहून कब्रस्तान रिक्षाने अगदी जवळ. दिवस मावळायच्या आत त्याचं फाटक बंद होतं, पण आमच्या हाताशी पुरेसा वेळ होता. बस थांबली, बाईंनी पिशवी खांद्याला लावली, मी दाराशी गेलो. तेवढ्यात संयोजक माईकवर म्हणाले, "उतरण्याआधी दोन शब्द उपकारस्तुतीचे."

आता तुम्हीच विचार करा. बसमध्ये वीसेक निवृत्त धर्मोपदेशक. व्यासपीठ सुटलेलं, आवाज शाबूत. दोन शब्दांत थांबता येत असतं तर त्यांनी दुसरा धंदा धरला असता. एकाने सुरुवात केली, त्याने संपवलं तिथून दुसऱ्याने उचललं. दिल्ली झाली, देश झाला, परदेशातली नातवंडं झाली. प्रार्थना चालू असताना बसचं दार उघडायचं नसतं. ड्रायव्हरनेसुद्धा स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे फक्त माझे, म्हणून पुढचं मला दिसलं.

आणखी दोघे-तिघे झाल्यावर संयोजक म्हणाले, "शेवटी बुलडाण्याचे आमचे बंधू."

साहेब उठले. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या," त्यांनी सवयीने सुरू केलं. बाईंचा हात लगेच कोटाच्या टोकाशी गेला. मला हायसं वाटलं. एकदा ओढलं. साहेब समारोपाकडे वळले, एक वाक्य बोलले आणि अडकले. बाईंनी दुसऱ्यांदा ओढायला टोक मुठीत धरलं.

"देवा," साहेब म्हणाले. हा आवाज प्रार्थनेतला नव्हता, घरातला होता. "माही शालू इथंच हाये जवळपास."

बाईंची मूठ तशीच राहिली.

"मी आलो नाही रे तिच्याकडे. तिची माय म्हणे, चला. मी म्हणो, ते माती हाये. तू रागावशील म्हणून म्हणो असं नाही. मले भेव वाटे. माती पाह्यली असती तर खरं झालं असतं..."

मग ते बोलत राहिले. ती लहानपणी चर्चच्या बाकाखाली झोपायची ते. नर्सिंगला पाठवताना तिच्या पेटीला कुलूप नव्हतं, दोरी बांधली होती ते. शेवटच्या फोनवर ती म्हणाली, "बाबा, ड्युटी हाये, मंग बोलतो," ते. रडत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. बाहेरचं ऊन खिडक्यांवरून सरकत वर चाललं होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते. मी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आपल्याला सगळं समजतंय अशा रीतीने मान हलवली. नाही म्हणून. आणि कोटाचं टोक सोडून दिलं.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा ते बंद झालेलं होतं. चौकीदार चांगला माणूस होता. "माताजी, चाबी बाबू के पास रहती है, वो निकल गए. कल सवेरे आ जाइए." सवेरे आम्ही गाडीत असणार होतो. मी त्याला काय काय सांगितलं, त्याने काय काय सांगितलं, सगळं एकाच कुलपापाशी येऊन थांबत होतं.

"माह्यापायी झालं," साहेब म्हणाले.

"चूप राहा," बाई म्हणाल्या. "ओढता आलं असतं मले."

मग त्यांनी चौकीदाराला एवढंच विचारलं, की साथीतली माणसं कोणत्या अंगाला आहेत. तो म्हणाला, एकदम पीछे, पिछली दीवार के साथ. बाई चालू लागल्या. बाहेरून, कुंपणाच्या कडेकडेने. गॅरेजं, भंगाराची दुकानं, एक न्हाव्याचं खोपटं. साहेब गुडघे धरत मागून. मागची भिंत उंच होती, पोपडे उडालेली, तिच्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवलेल्या. चौकीदाराने सांगितलेल्या कोपऱ्याशी बाई थांबल्या, फुटपाथवर बसल्या आणि भिंतीला पाठ टेकली.

परत आल्यावर आणखी एक उन्हाळा त्यांनी काढला. पायाला झालेली जखम साखरेमुळे भरली नाही आणि त्या गेल्या. दिल्लीला पुन्हा जाणं झालं नाही. गावाने त्यांना पोचवलं, सगळ्या गावाने, गायवाल्यांनीसुद्धा. अंत्यविधीला बाहेरून आलेल्या वक्त्यांनी त्यांना 'महारथींची सावली' म्हटलं. त्या ऐकायला असत्या तर काहीतरी बोलल्या असत्या. मला ते सुचत नाही, हाच मला त्यांच्या नसण्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

पण मला त्या दिसतात त्या तिथेच, त्या भिंतीशी. मागून आलेल्या रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं होतं. बाई मान जराशी वळवून, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलावं तशा बोलत होत्या. "शालू वं, आम्ही आलो. तुहा बाप बी आला. चर्चचे टिनं बदलले औंदा. तुह्या मैतरणीले, हौशीले पोरगी झाली, तुह्यावाणी काळी, मोठ्या डोयाची."

साहेब उभे होते. ते हळूच म्हणाले, "तिले सांग, आंगणातल्या पेरूले फळ धरलं म्हणा."

"मी काऊन सांगू? तुमची बी पोरगी हाये. तुम्ही सांगा."

साहेब भिंतीला धरून, गुडघ्यांशी भांडत खाली बसले. बाईंनी सरकून त्यांना जागा करून दिली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि पेरूचं सांगायला लागले. किती लागले, कोणत्या फांदीला, पोपट कसे येतात. खूप वेळ सांगत होते. बाई पदर सावरून, डोळे मिटून ऐकत बसल्या होत्या.