मूठभर तांदळाला अंगठा कशाला?

मंडळी, बेळगावचं वर्तमानपत्र आज आलं नाही, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर आपल्याच गावची बातमी लिहितोय. सकाळीच घडलेली.

शाळेच्या छपरासाठी आपण घरोघरी मूठ-मूठ तांदूळ गोळा करतो. मागं एक परका माणूस शाळेचंच नाव सांगून भरलं पोतं घेऊन पसार झाला. म्हणून पंचांनी इंग्रजांच्या कचेरीसारखा नियम काढला, की देणाऱ्यानं कागदावर अंगठा उठवायचा.

आज मी पोतं आणि कागद घेऊन निघालो, तर दारं पटापट लागली. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून रानं गमावलेली माणसं ही. पुन्हा कोण उठवणार?

शेवटच्या घरी गंगाआक्कानं भरली मूठ पुढं केली आणि कागद बघून मागं घेतली. "चोरी नेणाऱ्यानं केली न्हवं? मग अंगठा आमचा कशाला रं? पोतं उचलतोय त्यानं उठवावा की!"

तिला घेऊन तडक देवळात पंचांकडे गेलो. तिनं तेच पुन्हा सांगितलं. पंचांतले थोरले आप्पा हसले, "व्हय, आक्काचं बरोबर हाय."

मला सही येते. तरी सगळ्यांसमोर अंगठाच उठवला. दुपारपर्यंत दारं उघडली. काठोकाठ भरलेलं पोतं देवळात ठेवलंय, येऊन बघा. लई अभिमान वाटतोय गावाचा!

अंगठ्याची शाई खडूलाही लागतेय, पण आज धुणार नाही. उद्या कुणी वर्गणीला दारात आलं, तर आधी त्याचा अंगठा बघाल ना?