भरतीच्या पाण्यात ओतलेली गोदावरी

माझी मंडळी, म्हंजे बायको, गेल्यापासून मी देवापुढं दिवा लावला न्हवता. लोक म्हणायचे, बाबा, असं करू नये. मी म्हणायचो, मंग त्यानं जे केलं ते करावं का? हिनं सोमवार कधी चुकवला न्हाई. पायात काटा मोडलेला असला तरी लंगडत जाऊन महादेवाला पाणी घालून यायची, आणि त्यानं तिलाच आधी उचललं. माझी शाळा दुसरीत सुटली. पोथीतलं मला समजत न्हाई. पण न्याय-अन्याय समजतो, आणि हा न्याय मला बराबर वाटत न्हवता.

हिची एक इच्छा राहून गेल्ती. समुद्राकाठच्या कुणकेश्वराला आपल्या गोदावरीचं पाणी घालायचं. आमच्याकडची माणसं कावडीनं गोदावरी दूरदूरच्या महादेवाला नेतात, तसं. कोकणातल्या ह्या देवाचं तिनं कुठं ऐकलं होतं कोणास ठाऊक. औंदा जाऊ, पुढल्या साली जाऊ, असं करता करता ती गेली. परतूरच्या घरात मी एकटा राह्यलो. मुलगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे. तो एकदा म्हणाला, "बापू, तुम्ही निस्ते भिंतीकडं बघून राह्यले. जाऊन या की तिकडं." त्यानंच यात्रेच्या बसमध्ये माझी सीट काढली. मी तयार झालो ते देवासाठी न्हाई, हिच्यासाठी. शहागडला जाऊन फिरकीच्या झाकणाच्या तांब्याच्या गडूत गोदावरीचं पाणी भरून आणलं.

बसनं आम्हाला आधी देवगडला उतरवलं. बंदराचं गाव आहे, बघण्यासारखं लई आहे. किल्ल्यावर चढून गेलं की तिकडंच दीपगृह, आणि जिकडं बघावं तिकडं पाणी. खाली बंदरात रंगवलेल्या होड्या, त्यांच्यावर फडफडणारे झेंडे. मासळीचा लिलाव चालू होता. बोली लावणाऱ्या बाईचा आवाज आमच्या धान्याच्या मोंढ्यातल्या अडत्यापेक्षा तेज. आमच्या बसमधले सगळे जोडीनं आल्ते. "अहो, इकडं उभे राहा ना, फोटोत तुमचं निस्तं पोट येऊन राह्यलं," असं म्हणून एक बाई नवऱ्याला दटावायची अन् सगळे हसायचे. वाळूवर गेलो तर सगळे पाण्यात उतरले आणि चपला, पिशव्या, मोबाईल माझ्यापाशी आले. "बाबा, तुम्ही बसलेलेच आहात, जरा नजर ठेवा." मी नजर ठेवली. उभी हयात मी विहिरी खोदल्या. खडकाला नुसता ओलावा दिसला तरी मालक नारळ फोडायला पळायचा. इथं पाण्याला अंत न्हवता, आणि "बघ गं" म्हणायला शेजारी कोणी न्हवतं. म्हणून चपलांकडंच बघत बसलो.

दुपारी कुणकेश्वराला गेलो. देऊळ अगदी समुद्राला लागून. अभिषेकासाठी जोडीनं बसवत होते. यात्रेचा माणूस मला म्हणाला, "बाबा, जोड्यांचं होऊ द्या, मंग तुमचं बघू." तेवढ्यात ती फोटोवाली बाई म्हणाली, "काका, आमच्याजवळ बसा की!" तिच्या मनात चांगलंच होतं, पण मला ते झोंबलं. "मला कोणाच्या जोडीत बसायचं न्हाई," म्हणालो आणि गडू घेऊन बाहेर पडलो.

तिथं समुद्रातल्या खडकांतही महादेवाच्या पिंडी कोरलेल्या आहेत. पाणी मागं गेलं की त्या उघड्या पडतात. तेव्हा पाणी लांब गेलं होतं. मी आपल्या हिशोबानं समजलो, आटलंय. आमच्याकडं तळ्याचं पाणी एकदा मागं सरलं की पावसाशिवाय पुढं येत न्हाई, आणि आभाळात तर ढगाचा तुकडा न्हवता. नारळवाला ओरडला, "आजोबा, बेगीन परत येवा हां, पाणी येतला!" मी म्हणालो, "मला पाणी शिकवू नको बाबा, जिंदगीभर पाणीच काढलंय."

लांबच्या एका पिंडीपाशी जाऊन बसलो. गडूचं झाकण उघडायला हात गेला आणि थांबला. मनात म्हणालो, आधी जबाब दे. तिला का नेलं, ते सांग, मंगच पाणी. तो कशाला बोलतोय! मीही हट्टाला पेटलो. गुडघे पोटाशी घेऊन, पिंडीकडं बघत बसून राह्यलो. किती वेळ गेला ते कळलं न्हाई. पायाला गार लागलं म्हणून पाह्यलं तर पिंडीभोवती पाणी फिरून राह्यलेलं. मागं वळलो, तर ज्या खडकांवरून आल्तो ते दिसेनात. मधल्या खळग्यात पाणी हिसके मारत होतं. विहिरीत मी दोरावरनं कितीदा उतरलो असेन, पण मला पोहता येत न्हाई. खोदताना विहिरीत पाणी कुठं असतं?

"वाचवा" म्हणून ओरडायचं होतं. तोंडातून निघेना. कोणाकडं काही मागायची सवयच न्हवती. लाट आली, मांडीपर्यंत भिजवून गेली, आणि माझ्या तोंडून नाव निघालं, "सुभद्रेऽ!" मंडळीचं नाव. आमच्या पिढीत बायकोला नावानं हाक मारत न्हाईत. "अगं, ऐकलं का" एवढ्यावरच आमचा सगळा संसार झाला. ती जिवंत असताना घेतलं न्हाई, ते नाव त्या पाण्यात मी गळा फाडून घेतलं. एकदा न्हाई, पुन्हा पुन्हा.

पलीकडच्या खडकाआडून आवाज आला, "कोण ता हाक मारता माका?"

खडकाला चिकटलेली कालवं काढणारी एक बाई होती. साडीचा काष्टा मारलेला, कमरेला टोपली. मला बघून ओरडली, "थयच रवा, आजोबा! हलू नकात!" आणि कुठं पाय टाकायचा ते ठाऊक असल्यासारखी पाण्यातून सरळ माझ्यापर्यंत आली. "तुमका कोणी सांगूक नाय, भरती येतली म्हणान?"

"पाऊस तर पडला न्हाई बाई, मंग पाणी वाढलं कसं?"

ती तशातही हसली. "पावसान नाय ओ, चंद्रान वाढता. हात दिया. ह्या काय धरलात? सोडा ता!"

"आमच्या नदीचं पाणी हाये. महादेवाला घालायचं हाये."

"मगे घाला ना! खंय आसा तुमचो म्हादेव?"

"पाण्याखाली गेला."

"पाण्याखाली गेलो म्हणान काय देव उठान गेलो? घाला बेगीन!"

मी झाकण काढलं. जिथं पिंडी होती तिथल्या पाण्यावर सगळा गडू पालथा केला. गोदावरी समुद्रात कुठं गेली, पिंडीला लागली का न्हाई, काही दिसलं न्हाई. जबाब मागायचंही राहून गेलं. मंग मी तिच्या हातात हात दिला. तिचा हात कालवांनी चरे पडलेला, खरबरीत. ती म्हणेल तिथं पाय ठेवत, छातीभर पाण्यातून लहान लेकरासारखा बाहेर आलो.

वाळूवर आल्यावर तिनं विचारलं, "तुमका माझा नाव कोणी सांगल्यान?" मी सांगितलं, ते माझ्या मंडळीचं नाव. मंग माझ्या अंगावरचं ओलं उपरणं काढून तिनं पिळलं, झटकलं, पुन्हा माझ्या खांद्यावर टाकलं आणि टोपली उचलून निघून गेली.

ह्याला कोणी योगायोग म्हणो, मी वाद घालत न्हाई. एवढंच समजलं की विहिरीत उतरताना दोर कोणाच्या हातात आहे ते वर बघता येत न्हाई, तरी आपण उतरतो. माणसांच्या भरवशावर मी जन्मभर असं स्वतःला सोडलं. देवाच्या भरवशावर सोडायला मात्र अडून बसलो. तिला का नेलं, ते आजही मला ठाऊक न्हाई. विचारायचं सोडलं आहे. त्या बाईला देव सुखी ठेवो.

घर रिकामंच आहे. ते काही भरत न्हाई. पण सोमवारी सकाळी मी उठतो, अंघोळ करतो आणि महादेवाला जातो. पाणी घालून झाल्यावर थोडा वेळ तिथंच बसतो, अंगाखालची अर्धी सतरंजी शेजारी मोकळी ठेवून.